तुमचे तास ठीक, पण सफाईच्या बाईंचे किती? पोकोनोजमधल्या एका घराचा कर-हिशेब

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक मराठी जोडपं. दोघंही आयटीत, दोघांकडेही ग्रीन कार्ड, दोघांचा मिळून पगार वर्षाला ३ लाख १० हजार डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरात तीन बेडरूमचं लाकडी घर घ्यायचा करार केला. किंमत ४ लाख २० हजार. एप्रिलअखेरीस खरेदी झाली, मे महिन्यात घर लावलं आणि जूनपासून ते एअरबीएनबीवर चढवलं. डिसेंबर संपेपर्यंत ४६ बुकिंगं, १३८ रात्री आणि ३३,१२० डॉलर भाडं. (जोडपं आणि त्यांचे आकडे नमुन्यादाखल रचलेले आहेत, कायदा, नियम आणि न्यायालयांचे निकाल खरे आहेत. न्यू जर्सीतल्या कुठल्याही मंडळाच्या गणपतीत अशी चार जोडपी सहज भेटतील.)

मार्च २०२६ मध्ये हे दोघं सीपीएकडे, म्हणजे कराचं काम पाहणाऱ्या हिशेबनीसाकडे गेले ते एक वाक्य पाठ करून: "आमचे शंभरच्या वर तास झालेत." कुणीतरी सांगितलं होतं की शंभर तास भरले की घराचा तोटा पगारातून वजा होतो. हे अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच माणसं अडकतात.

तोटा कुठून आला ते आधी पाहू, कारण भाडं तर चांगलं आलं होतं. व्याज, मालमत्ता कर, विमा, वीज, सफाई, एअरबीएनबीचं कमिशन असा चालू खर्च सुमारे ३५ हजार, म्हणजे रोखीत जेमतेम बरोबरी. खरा तोटा कागदावरचा. जमिनीचे ७० हजार सोडले तर उरलेल्या साडेतीन लाखांवर घसारा, म्हणजे झिजेपोटी दर वर्षी थोडी थोडी वजावट, मिळते. आठवड्याच्या आतल्या मुक्कामांना दिलेलं घर सहसा नेहमीच्या साडेसत्तावीस वर्षांच्या वर्गात बसत नाही. त्याला ३९ वर्षं धरतात. पण इंजिनिअरकडून 'कॉस्ट सेग्रिगेशन'चा अहवाल करून घेतला की त्यातले काही भाग, म्हणजे फरशीवरचं कार्पेट, स्वयंपाकघरातली यंत्रं, अंगणातली खडीची वाट, हे ५ आणि १५ वर्षांच्या गटांत जातात. या गटांना 'बोनस' घसारा लागू होतो. जुलै २०२५ च्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेसाठी हा बोनस पुन्हा पूर्ण १०० टक्के केला, म्हणजे त्या भागांची सगळी किंमत पहिल्याच वर्षी वजा. इथे खरेदीखत कधी झालं यापेक्षा बंधनकारक करार कधी झाला हे महत्त्वाचं असतं. यांचा करार फेब्रुवारीतला, म्हणून बरं झालं. अहवालातून सुमारे ८७,५०० डॉलर, फर्निचरचे २२ हजार आणि बाकी इमारतीचा वर्षातल्या साडेसहा महिन्यांचा किरकोळ घसारा, हे सगळं स्वतः राहिलेल्या दिवसांचा वाटा वगळून. भाड्यातून हे सारं गेल्यावर १ लाख १५ हजारांच्या आसपास तोटा उरतो. स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) धरलं आणि तोटा पगारातून वजा झाला, तर फेडरल कर साधारण २६,७०० डॉलरने कमी होतो. नाही झाला, तर तो तोटा कपाटात जाऊन बसतो.

सगळं प्रकरण या २६,७०० डॉलरचं आहे.

नियम कुठून आला

१९८६ च्या करसुधारणेपर्यंत अमेरिकेतल्या डॉक्टर, दंतवैद्य, वकील अशा भरपूर कमावणाऱ्यांचा एक ठरलेला उद्योग होता. ज्या धंद्याचं तोंडही पाहिलेलं नाही त्यात भागीदारी घ्यायची, त्याचा कागदी घसारा आपल्या नावावर दाखवायचा आणि कमाईवरचा कर उडवून लावायचा. त्या वर्षीच्या कायद्यातल्या कलम ४६९ ने हे बंद केलं. ज्या व्यवसायात तुम्ही स्वतः राबत नाही त्याचा तोटा 'पॅसिव्ह'. तो पॅसिव्ह उत्पन्नातूनच वजा होणार, उरला तर पुढच्या वर्षांत ढकलायचा. भाड्याने दिलेली मालमत्ता तर राबलात तरी पॅसिव्हच. मध्यमवर्गीय घरमालकासाठी २५ हजारांची एक सवलत ठेवली आहे, पण ती १ लाख उत्पन्नापासून आटत जाते आणि दीड लाखाला संपते. आपल्या जोडप्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

मात्र नियमांत एक फट आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. पाहुण्यांचा सरासरी मुक्काम सात दिवस किंवा त्याहून कमी असेल, तर तो व्यवहार 'भाडं' समजायचा नाही. हॉटेल चालवणाऱ्याला कुणी भाडेकरू ठेवणारा घरमालक म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार. १३८ भागिले ४६, सरासरी तीन रात्री. म्हणजे हे घर साध्या धंद्यासारखं, आणि साध्या धंद्यात मालक प्रत्यक्ष राबत असेल तर तोटा पॅसिव्ह राहत नाही.

'प्रत्यक्ष राबणं', म्हणजे 'मटेरियल पार्टिसिपेशन', ठरवायच्या सात कसोट्या आहेत. १९८८ मध्ये 'तात्पुरते' म्हणून निघालेले हे नियम आजही लागू आहेत. घर चालवणाऱ्याच्या कामाच्या त्यातल्या तीन. पहिली, वर्षात ५०० च्या वर तास. दुसरी, जवळजवळ सगळं काम तुम्हीच केलं. तिसरी, १०० च्या वर तास, आणि दुसऱ्या कुठल्याही माणसाने तुमच्याहून जास्त तास केलेले नाहीत. कसोटी एक पुरे. नवरा-बायकोचे तास एकत्र धरतात, रिटर्न वेगळं भरलं तरी.

इथे एक गल्लत फार जण करतात. नेहमीच्या भाड्याचा तोटाही वजा करू देणारा 'रिअल इस्टेट प्रोफेशनल' हा दर्जा मिळवायला ७५० तास लागतात, शिवाय वर्षभरातल्या एकूण कामाच्या निम्म्याहून जास्त वेळ जमीनजुमल्यात घालवावा लागतो. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला ते जवळपास अशक्य. पण ती अट नेहमीच्या भाड्याच्या घरांसाठी आहे. सात दिवसांच्या आतल्या मुक्कामांचे तास तिथे मोजतच नाहीत. २००१ च्या बेली खटल्यात टॅक्स कोर्टाने हे स्पष्ट केलं. दोन वेगळे दरवाजे आहेत, एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

आपलं जोडपं ५०० च्या जवळपासही नाही. सफाईला बाई येतात, म्हणून 'सगळं काम आम्हीच' हेही नाही. उरली ती शंभरची कसोटी, आणि तिचा दुसरा भाग त्यांना कुणी सांगितला नव्हता.

२६२ तासांची यादी

सीपीएने तासांची नोंद मागितली तेव्हा दोघांनी एका संध्याकाळी बसून यादी केली. बेरीज २६२. 'जून: साफसफाई, दुरुस्ती, २० तास' अशा ओळी. शंभरच्या अडीचपट पाहून दोघंही खुशीत होते.

सीपीएने पेन्सिल काढली. घर शोधणं, एजंटबरोबर फिरणं, कर्जाची कागदपत्रं: ३८ तास. हे गेले, कारण नियमाप्रमाणे काम करताना त्या व्यवसायात तुमची मालकी असावी लागते. खरेदीपूर्वीची धावपळ कितीही खरी असो, ती घर घेण्याची होती, चालवण्याची नाही.

यूट्यूबवर 'शॉर्ट टर्म रेंटल' शिकणं, आसपासच्या घरांचे दर पाहत बसणं, नफ्यातोट्याच्या एक्सेल शीट रंगवणं: ३० तास. हेही गेले. हिशेब तपासणं, अहवाल वाचणं, स्वतःसाठी विश्लेषण करणं या कामांना नियम गुंतवणूकदाराची कामं म्हणतो. रोजच्या कारभारात तुमचा थेट हात असेल तर यातलं काही धरता येतं. पण यांच्या शीटमध्ये कारभार कमी होता आणि 'दुसरं घर घ्यावं का' हाच प्रश्न जास्त.

मग ५० तास: 'पाहुणे असताना फोन जवळ ठेवणे.' हे पेन्सिल न टेकवताच गेले. २०१० चा मॉस खटला या बाबतीत पक्का आहे. अणुवीज प्रकल्पात नोकरी करणाऱ्या त्या माणसाची भाड्याची घरं होती. त्याच्या नोंदींतले तास साडेसहाशेच्या आत होते, लागत होते साडेसातशे. तो म्हणाला, भाडेकरूंच्या हाकेला मी सदैव तयार असायचो, तेही धरा. टॅक्स कोर्टाने नाही म्हटलं: प्रत्यक्ष केलेलं कामच मोजायचं, तयार असणं हे काम नव्हे. रात्री साडेअकराला गरम पाणी येत नाही म्हणून फोन आला आणि वीस मिनिटं हीटरचं बटण समजावलं, तर ती वीस मिनिटं तुमची. फोन येईल म्हणून उशाशी ठेवला, ती रात्र तुमची नाही.

एडिसन ते पोकोनोज १४ फेऱ्या, जाऊन-येऊन साडेतीन तासांची एक, म्हणजे ४९ तास. इथे सीपीए थांबला. प्रवासाचे तास काही निकालांत धरले गेलेत, काहींत नाही. प्रवास कामाचाच भाग होता की नुसतं कामावर जाणं, यावर ठरतं. शिवाय १४ पैकी काही फेऱ्यांत मुलं होती, स्कीचं सामान होतं. त्याने हे ४९ तास वेगळ्या रकान्यात टाकले आणि म्हणाला, "असू देत. पण यांच्या जिवावर कसोटी पार करायची नाही." मला हे धोरण शहाणपणाचं वाटतं. वादाचे तास वरखर्चाला ठेवावेत, पायाभरणीत घालू नयेत.

उरले ९५. शंभरही नाहीत. आणि त्या ९५ तासांनाही तारखा नव्हत्या.

तारखांचं महत्त्व नेमकं किती, हेही समजून घ्यायला हवं. रोजच्या रोज लिहिलेली डायरी कायद्याला लागतेच असं नाही. कुठल्याही वाजवी मार्गाने सिद्ध करा, कॅलेंडर, भेटींच्या नोंदी, कामाचं वर्णन, काहीही चालेल, असं नियमच म्हणतो. पण १९९३ च्या गॉशॉर्न खटल्यापासून न्यायालयांनी एक रेघ आखली आहे: वर्ष संपल्यावर अंदाजपंचे मांडलेला आकडा म्हणजे पुरावा नाही. मार्गांची मोकळीक आहे, कल्पनेची नाही. एका संध्याकाळी लिहिलेल्या २६२ तासांच्या यादीत बहुतेक आकडे शून्याने किंवा पाचने संपत होते. तपासनीस आधी तेच पाहतो.

तारीख १५ एप्रिलवर येऊन ठेपली होती. सीपीएने फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घेतली. ही मुदत रिटर्न भरायची, पैसे भरायची नाही. तेव्हा दोघांनी तोटा धरलाच नाही असं समजून एप्रिलमध्ये पूर्ण कर भरून टाकला. तोटा मान्य झाला तर परतावा येईल. घाईत चुकीचं रिटर्न भरण्यापेक्षा हे बरं.

बाईंचं घड्याळ

मुदत घेतल्यावर सीपीएने पहिला प्रश्न विचारला तो यांच्या तासांचा नव्हता. "सफाई कोण करतं, आणि किती वेळ?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. बाई येतात, दर वेळी १६० डॉलर झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने) जातात, घर चकाचक होतं. किती वेळ लागतो? "चार तास लागत असतील," नवरा म्हणाला. ४६ पैकी ९ वेळा सफाई या दोघांनी केली होती, ३७ वेळा बाईंनी. सदतीस गुणिले चार, १४८. यांचे ९५. कसोटी सरळ नापास, आणि तीही स्वतःच्याच तोंडाने. तुम्ही दीडशे तास राबलात आणि तुमची सफाईवाली एकशे साठ, तर शंभर ओलांडल्याचा काही उपयोग नाही.

घर चालवणाऱ्यांपैकी फार थोडे जण दुसऱ्याचे तास लिहून ठेवतात. माझ्या मते नोंदवहीत हा रकाना पहिला हवा, कारण आपण किती राबलो हे मागाहूनही बरंचसं काढता येतं. दुसऱ्याने किती वेळ काम केलं हे त्याच दिवशी टिपलं नाही तर त्याच्या आठवणीवर विसंबावं लागतं, आणि त्याला आपल्या करात काडीचा रस नसतो.

सुदैवाने घराला कोडचं कुलूप होतं आणि बाईंना स्वतंत्र कोड दिलेला होता. कुलपाच्या ॲपमध्ये प्रत्येक आगमनाची वेळ मिळाली. निघण्याची वेळ कुलूप सांगत नव्हतं, पण काम झालं की बाई बेडरूम आणि स्वयंपाकघराचे फोटो पाठवायच्या. मेसेजवर वेळ होतीच. आगमन ते फोटो, ३७ वेळांची सरासरी निघाली २ तास ४० मिनिटं. म्हणजे वर्षाचे सुमारे ९९ तास. चार तास वाटत होते, कारण त्या दिवशी घर चार तास रिकामं ठेवावं लागायचं: अकराला चेकआउट, तीनला चेक-इन.

बाई बहुतेक वेळा भाचीला घेऊन यायच्या. मग ९९ ची दुप्पट धरायची का? नाही. तुलना माणसामाणसाची आहे. बाईंचे ९९, भाचीचे फार तर तेवढेच, दोघींची बेरीज करायची नाही. सफाईचं काम एखाद्या कंपनीला दिलं आणि दर वेळी वेगळी माणसं आली, तर कुणा एकाचे तास शंभरात पोचणंही अवघड. उलट एकच माणूस सफाई, बर्फ काढणं, हॉट टबचं पाणी बदलणं सगळं करत असेल, तर तो सहज तुमच्या पुढे जातो. यांचा दुरुस्तीवाला वेगळा होता. त्याच्या बिलांवर मिळून २२ तास. म्हणजे यांना हरवायचं होतं ते ९९ ला.

बाईंना झेलने ५,९२० डॉलर गेले होते. झेल असे व्यवहार कर खात्याला कळवत नाही, त्यामुळे बाईंना किती पैसे दिले हे कळवणारा १०९९-एनईसी फॉर्म घरमालकानेच द्यायचा असतो. तो दिला नव्हता. उशिरा दिला, थोडा दंड बसला. आपल्या लोकांना हा फॉर्म द्यायचा संकोच वाटतो, बाई नाराज होतील म्हणून. पण तास दाखवायला बसलात की बाईंचे पैसेही दाखवावे लागतात.

आता यांचे तास. बायकोने सगळे पुरावे एका जागी आणले: एअरबीएनबीतल्या संदेशांच्या वेळा, होम डेपो या हार्डवेअर दुकानाच्या पावत्या, फोनमधल्या फोटोंच्या तारखा, टाउनशिपच्या (तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) परवान्याचे ईमेल. टोलचा तपशीलही काढला. डेलावेअर वॉटर गॅपच्या पुलावर टोल पेनसिल्व्हेनियाकडे जातानाच लागतो, त्यामुळे नोंद जातानाचीच मिळाली, परतीची वेळ घराच्या कॅमेऱ्यातून. एक गंमत झाली. पहिल्या यादीत ज्याला सर्वात मोठा आकडा दिला होता ते काम कायद्याच्या हिशेबी शून्य होतं, आणि जे खरं कष्टाचं ते यादीत जवळजवळ नव्हतंच. मे महिन्यात दोघांनी मिळून पलंग, कपाटं, बंक बेड जोडले होते. मेमोरियल डेच्या सुट्टीत तर तीन दिवस पाठ टेकली नव्हती. ते सगळं त्यांच्या डोक्यात 'घर लावणं' होतं, 'काम' नव्हतंच. घर तेव्हा त्यांच्या मालकीचं होतं, तेव्हा हे तास मोजता येतात. आयकियाच्या डिलिव्हरीची पावती आणि फोटो यांच्या आधारे दोघांचे मिळून ४४ तास पक्के झाले. मदतीला तिची बहीण आली होती. तिचे तास यांच्यात जात नाहीत. जोडीदाराशिवाय कुणाचेच जात नाहीत, सख्खी बहीण असली तरी.

नवी नोंद अशी दिसत होती: '१४ जून, शनिवार. तो. सकाळी १०.१५ ते दुपारी १.४०. मागच्या डेकच्या दोन सडक्या फळ्या बदलल्या. होम डेपोची पावती, आधीचा-नंतरचा फोटो.' एका ओळीत कोण, कधीपासून कधीपर्यंत, काय केलं आणि पुरावा कुठे. दोघं एकत्र राबले असतील तर दोन ओळी, प्रत्येकाची वेगळी.

बेरीज: घर लावणं ४४, पाहुण्यांशी संदेश आणि फोन १९, दर आणि कॅलेंडर बदलणं ८, स्वतः केलेली सफाई साडेएकतीस, दुरुस्ती २७, सामान आणून भरणं १२, टाउनशिपचा परवाना आणि तपासणी ९. एकूण १५०.५ तास. प्रवास यात नाही.

सीपीएने मग उलटा हिशेब केला. समजा तपासनीस म्हणाला की घर लावायचे ४४ तास आम्ही धरत नाही, तेव्हा घर भाड्याने द्यायला सुरुवातच झाली नव्हती. उरतात १०६.५. अजूनही शंभरच्या वर, अजूनही ९९ च्या वर. काठावर, पण वर. असा एक मोठा गट बाजूला काढूनही आकडा टिकतो का, हे पाहिल्याशिवाय त्याने फॉर्मवर हात ठेवला नसता. आकडा टिकला नाही आणि तोटा नाकारला गेला, तर २६,७०० डॉलर कर, त्यावर २० टक्क्यांपर्यंत दंड आणि व्याज. ही रक्कम एका वर्षाच्या भाड्याच्या आसपास जाते.

त्याने आणखी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, स्वतः किती दिवस राहिलात? दिवाळीत मित्रमंडळी, नंतर पुण्याहून आलेले आईवडील, एकूण ९ दिवस. आईवडील एकटे राहिले ते दिवसही 'स्वतःच्या वापराचे' धरतात. नातेवाइकांना फुकट दिलेलं घर हे आपणच वापरलेलं घर. मर्यादा १४ दिवस किंवा भाड्याच्या दिवसांच्या दहा टक्के, यांत जे जास्त ते. ती ओलांडली की तोट्याला वेगळाच बांध पडतो आणि तासांची सगळी मेहनत वाया. घरी जाऊन पूर्ण दिवस दुरुस्तीत घालवला तर तो दिवस वापराचा धरत नाहीत, म्हणून नोंदवहीत तेही लिहायचं.

दुसरी, पाहुण्यांना काय काय देता? चादरी, टॉवेल, वायफाय चालतं. सासूबाईंनी सुचवलं होतं की नाश्त्याला पोहे ठेवले तर रिव्ह्यू छान येतील. रिव्ह्यू येतीलही. पण रोजची खोलीसफाई, जेवणखाण अशा सेवा सुरू झाल्या की उत्पन्न रिटर्नच्या शेड्यूल ई (भाड्याचं उत्पन्न) मधून शेड्यूल सी (स्वतःचा धंदा) मध्ये जातं, आणि नफ्याच्या वर्षी त्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर बसतो. पोह्यांचा बेत राहून गेला.

राज्यांच्या करात या सगळ्याचा उपयोग नाही. न्यू जर्सी एका प्रकारच्या उत्पन्नातला तोटा दुसऱ्या प्रकारातून वजा करू देत नाही, भाड्याचा तोटा पगारातून तर नाहीच. पेनसिल्व्हेनियाचंही तेच. दोघांना वाटत होतं परतावा दोन्हीकडून येईल, तो फेडरलपुरताच.

आणि एक बाब, जी या जोडप्याला लागू नव्हती पण वाचणाऱ्या अनेकांना असेल. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेला माणूस फक्त आपल्या कंपनीसाठी काम करू शकतो. घर घेणं, त्याचं भाडं मिळवणं ही गुंतवणूक झाली. पण कर खात्याला सही करून सांगायचं की मी या धंद्यात दीडशे तास राबलो, आणि व्हिसा खात्याला सांगायचं की मी दुसरं काम करत नाही, या दोन कागदांची गाठ कधीतरी पडू शकते. सीपीएला हा प्रश्न विचारू नका, तो त्याचा प्रांत नाही. इमिग्रेशन वकिलाला विचारा, आणि कॉस्ट सेगचा अहवाल मागवायच्या आधी विचारा.

बायकोच्या भावाचा लोणावळ्याला बंगला आहे, तोही शनिवार-रविवार देतो. हे सगळं ऐकून तो फोनवर हसत सुटला: "भाड्याच्या घरात तास कसले मोजता?" त्याचं बरोबरच आहे. तिथे प्रश्न उत्पन्न कुठल्या शीर्षाखाली जातं हा असतो, मालकाने किती तास काढले हा नसतो.

दुसरं वर्ष

रिटर्न जुलैत गेलं. शेड्यूल ई वर मालमत्तेचा प्रकार ३, म्हणजे सुट्टीतलं किंवा अल्पमुदतीचं घर. भाड्याचे दिवस १३८, स्वतःचे ९. तासांची नोंद रिटर्नला जोडायची नसते. ती मागितली तर द्यायची. त्याची पीडीएफ आणि सगळे पुरावे एका फोल्डरमध्ये गेले.

पण सीपीएच्या मते अवघड वर्ष २०२५ नव्हतं. २०२६ मध्ये घर बाराही महिने चालू. पलंग जोडायचे नाहीत, परवाना मिळालेला, डेक नीट. बुकिंगं मात्र ७५ च्या घरात जातील. सगळी सफाई बाईंनीच केली तर २ तास ४० मिनिटांच्या हिशेबाने त्यांचे २०० तास. यांचे कामाचे तास उलट कमी होणार. म्हणजे यांच्याकडून एकही चूक न होता दुसऱ्या वर्षी कसोटी निसटते. घर सुरळीत चालू लागलं की मालकाचे तास आपोआप घटतात आणि सफाईचे वाढतात.

यावर दोन उपाय चर्चेत आले. एक, सफाई दोन वेगळ्या माणसांत वाटून द्यायची आणि तिसरा हिस्सा स्वतः करायचा. तिला हे पटलं नाही. बाई चांगल्या आहेत, त्यांचं निम्मं काम कर वाचवण्यासाठी काढून घ्यायचं हे तिला बरं वाटेना. शिवाय दर दुसऱ्या शनिवारी चादरी बदलायला दोन तास गाडी चालवत जायची कल्पना त्याला मानवेना. नियमही इथे सावध आहे: मालक सहसा करत नाही असं काम निव्वळ तासांसाठी अंगावर घेतलं, तर ते नाकारता येतं. घराची सफाई त्यात बसेल असं मला वाटत नाही, पण हेतू निव्वळ तेवढाच असेल तर ओढाताण दिसतेच.

दुसरा उपाय काहीच न करण्याचा. बोनस घसारा पहिल्याच वर्षी घेऊन झालाय. २०२६ मध्ये तोटा झालाच तर दोन-चार हजारांचा. तो पॅसिव्ह ठरला तरी बुडत नाही. पुढे नफ्याच्या वर्षी किंवा घर विकताना वापरता येतो. दोन-चार हजारांच्या तोट्यासाठी हिवाळ्यात पोकोनोजच्या चकरा मारण्यात अर्थ नाही. घर विकताना आत्ता घेतलेल्या घसाऱ्यावर कर परत द्यावा लागेल, हेही सीपीएने तेव्हाच कागदावर लिहून दिलं, म्हणजे पाच वर्षांनी कुणी चकित व्हायला नको.

दोघांनी दुसरा उपाय घेतला. नोंद मात्र चालू आहे. एका सामायिक गूगल शीटमध्ये दोघं काम झाल्या दिवशीच ओळ लिहितात. बाईंचा आणि दुरुस्तीवाल्याचा रकाना कुलपाच्या ॲपवरून महिन्याला एकदा भरला जातो. निघताना एक बटण दाबायला बाईंना सांगितलंय, आता वेळ दोन्ही बाजूंनी मिळते. २०२५ चं रिटर्न जुलै २०२६ मध्ये गेलं, त्यामुळे कर खातं ते सर्वसाधारणपणे जुलै २०२९ पर्यंत उघडू शकतं. तोवर मेमोरियल डेचे फोटो, आयकियाची पावती आणि कुलपाच्या ॲपचा डाऊनलोड जपून ठेवायचा आहे. ॲप जुन्या नोंदी आपणहून पुसून टाकतं, हे त्यांना ऑगस्टमध्ये कळलं, डाऊनलोड केल्यानंतर.